झाकण घरी, ट्रेलर रस्त्यावर

तुझ्या झोपायच्या ट्रेलरच्या सुतारकामाचं आधी बोलून घेतो, कारण पुढे कौतुकाला जागा उरणार नाही. दोन्ही बाजूंच्या प्लायवुडचा कंस निर्दोष आलाय. छताचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कुठे फुगलेला नाही. मागच्या ओट्याचे खण बेतशीर आहेत, सूनबाईंनी शिवलेले पडदेही छान. झालं. आता खुर्ची ओढून बस आणि हे शेवटपर्यंत वाच. मध्येच ‘पण सर’ म्हणायचं नाही.

तू विचारलंस एवढंच, की मागचं झाकण वर केलं की आतला दिवा लुकलुकतो, काय करू? सोबत व्हिडिओ पाठवलास. त्यात दिवा लुकलुकतो हे सगळ्यात किरकोळ दुखणं आहे. शेवटी तू हसत हसत सांगतोस की, शनिवारी झाकण बिजागरीतून सरकवून काढलं, गॅरेजच्या भिंतीला टेकवलं आणि ट्रेलर तसाच ओढत प्लायवुड आणायला गेलो, ‘निघणाऱ्या झाकणाचा हा फायदा!’ अरे शहाण्या, तुझे मागचे लाल दिवे कशावर बसवलेत? त्याच झाकणावर. ब्रेकचे, इंडिकेटरचे, नंबर प्लेटवरचा, सगळेच्या सगळे. ते भिंतीला टेकून गॅरेजमध्ये उभे, आणि तू हमरस्त्यावर.

पिकअपचे दिवे दिसत होतेच की, असं म्हणणार असशील तर गप्प राहा. पाच फूट रुंद पेटारा मागे जोडल्यावर पिकअपचे दिवे मागच्याला नीट दिसतीलच असं नाही. म्हणून तर ट्रेलरला वेगळे दिवे लागतात. मिशिगनमध्ये नोव्हेंबरात संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे मी मुलीकडे राहिलो तेव्हा पाहिलंय. त्या अंधारात, ओल्या रस्त्यावर तू ब्रेक दाबतोस आणि मागच्याला ते वेळेत कळेलच असं नाही. वाचलास ते मागच्याच्या नजरेमुळे. तुझ्या वायरिंगचा त्यात काडीचा हात नाही.

तिथल्या केंद्र सरकारचा वाहनांच्या दिव्यांबद्दल सुरक्षा-नियम आहे, क्रमांक १०८. तू गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितोस, दोन टेबलं पलीकडे कुणीतरी तो कोळून प्यायलेला असेल, त्याला विचार. त्यात स्पष्ट म्हटलंय की प्रत्येक दिवा गाडीच्या टणक भागावर पक्का बसवलेला हवा, आणि तो भाग दुरुस्तीखेरीज काढण्यासाठी बनवलेला नसावा. तू नेमकं काय केलंस? काढण्यासाठीच बनवलेला एकमेव भाग निवडलास आणि त्यावर सगळे दिवे ठोकलेस. नियम लिहिणाऱ्याने तुझं झाकण पाहून ते वाक्य लिहिलं असावं इतकं ते तुला लागू पडतं.

आणि नियम कशाला हवा? तुझ्या दारात उभ्या असलेल्या पिकअपच्या मागे जाऊन उभा राहा. मागचं फळकं हाताने उचलून काढता येतं, बरोबर? त्यावर मागचे मुख्य दिवे आहेत का? नाहीत. ते दोन्ही कोपऱ्यांत, हौद्याच्या अंगावर आहेत. वरचा तिसरा ब्रेक लाइट केबिनच्या मागच्या काचेच्या वर. फळकं घरी ठेवून आयुष्यभर गाडी चालवली तरी मागच्याला सगळे इशारे मिळतात. फळक्यावर काय असतं? कॅमेरा. मे २०१८ पासून तिथे नव्या हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला आणि पिकअपमध्ये तो बहुधा फळक्यावरच बसला. पण त्याच्या वायरला मध्ये कनेक्टर आहे. फळकं काढायच्या आधी तो सोडवायचा. अख्खा धडा तुझ्या अंगणात उभा आहे आणि तू त्यात रोज किल्ली फिरवतोस. ज्याच्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे ते अंगावर बसवायचं. ज्याच्यावाचून फक्त आपली गैरसोय होते ते झाकणावर चालेल, तेही कनेक्टर घालून.

तू असं का केलंस तेही मला कळतं, आणि ते कळल्यामुळेच जास्त राग येतो. अश्रूच्या थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरला मागे सपाट अंग उरतच नाही. बाजूच्या फळीची जाडी पाऊण इंच, बाकी सगळं झाकण. दिवा बसवायला ऐसपैस जागा झाकणावरच दिसते, म्हणून हात तिकडे गेला. सोय दिसली की विचार थांबला. हा प्रश्न तुझ्याआधी पुष्कळांना पडलाय. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने सप्टेंबर १९४७ मध्ये या घाटाच्या ट्रेलरचे नकाशे छापले होते, म्हणजे ही हौस तुझ्या वडिलांपेक्षा वडील आहे. चाकांवरच्या मडगार्डच्या मागच्या टोकाला दिवे बसवणं ही या ट्रेलरांची जुनी रीत आहे. ते नको असेल तर झाकणाच्या खाली फ्रेमचा आडवा लोखंडी दांडा आहे, त्याला पट्टी वेल्ड करून बसव. ट्रेलर रिकामा असताना दिव्याच्या मध्यापासून जमिनीपर्यंत मोज. मागचे आणि ब्रेकचे दिवे किमान १५ इंच, कमाल ७२ इंच. मडगार्डसकट एकूण रुंदी ८० इंच किंवा वर गेली तर मागे मध्यभागी तीन लाल दिवे वेगळे लागतात, तेव्हा टेप घेऊन तीही एकदा मोजून ठेव. नंबर प्लेट आणि तिचा दिवाही झाकणावरून खाली आण.

हे झाल्याशिवाय ट्रेलर अंगणातून हलवायचा नाही. आता दुसरं.

तुझ्या निरोपात एक वाक्य आहे, ‘५ अँपिअरचा फ्यूज सारखा उडत होता म्हणून ३० चा टाकला, आता काही त्रास नाही.’ हे वाक्य लिहिणारा माझ्या वर्गात बसला होता याची मला लाज वाटते. फ्यूज उडत होता म्हणजे तो तुला ओरडून सांगत होता की पुढे कुठेतरी वायर सोलली गेलीय. तू त्याचं तोंड दाबलंस. झाकणाच्या फाट्याला तू पट्टीच्या दिव्याबरोबर आलेली २२ गेजची वायर वापरलीस. केसासारखी बारीक. तिच्यातून ३० अँपिअर जाऊ लागले तर फ्यूज निवांत बसेल आणि वायरचं प्लास्टिक वितळेल. तुझ्या भिंतीत वायर कशातून गेलीय? दोन प्लायवुडच्या मध्ये भरलेल्या फोममधून. आणि रात्री त्या भिंतीपासून दोन फुटांवर कोणाची डोकी असतात? तुझं, सूनबाईंचं आणि पोरीचं. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो. तो वायरला वाचवायला असतो, आणि त्या पेटाऱ्यात वायरला वाचवणं म्हणजे झोपलेल्या माणसांना वाचवणं.

‘बॅटरीत संरक्षक सर्किट आहे ना सर’ हेही ऐकायचं नाही. तुझी बॅटरी १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट आहे. अशा बॅटरीचं सर्किट साधारण १०० अँपिअर सलग सोडायला राजी असतं. ते बॅटरीची काळजी घेतं, तुझ्या केसभर वायरीशी त्याचं नातं नाही. मुख्य फ्यूजही तू बॅटरीपासून लांब, मागच्या ओट्याखाली ठेवलास. मधला अख्खा लांबवरचा तुकडा उघड्यावर. बोटींच्या वायरिंगसाठी तिथे जे मानक पाळतात त्याचा साधारण नियम बॅटरीपासून ७ इंचांच्या आत फ्यूज असा आहे. बोटीतून पळायला जागा नसते म्हणून त्यांचे नियम कडक. रात्री दार लावून झोपलेल्या तुझ्या त्या पेटाऱ्यातून तरी कुठे पळणार? मुख्य फ्यूज पुढे बॅटरीशेजारी आण, झाकणाच्या फाट्याला वेगळा ५ चा घाल. तो उडाला तर मोठा शोधायला दुकानात जायचं नाही, सोललेली वायर शोधायची. माझा अंदाज सांगतो, झाकणाच्या कडेच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा स्क्रू वायरीच्या अंगात गेलाय. पट्टी काढून बघ.

आणि गेजचा हिशेब केला होतास? तुला ओहमचा नियम तोंडपाठ आहे, तो तोंडातून हातात कधी उतरणार? फळ्यावर यायची गरज नाही, इथेच करतो. तुझी दिव्याची पट्टी मीटरला १४.४ वॉटची, दोन मीटर. म्हणजे २८.८ वॉट, १२ व्होल्टला २.४ अँपिअर. बॅटरी पुढे, झाकण मागे, जाऊन-येऊन १० मीटर वायर धर. २२ गेजला मीटरमागे साधारण ०.०५३ ओहम, दहा मीटरला ०.५३. गुणिले २.४. जवळजवळ सव्वा व्होल्ट वाटेतच गेला, दहा टक्के. तू तक्रार केलीस की पट्टी दुकानात दिसली तशी उजळत नाही. उजळणार कशी? हीच वायर १६ गेजची घेतलीस तर मीटरमागे ०.०१३२ ओहम, एकूण घट ०.३२ व्होल्ट, अडीच टक्क्यांच्या आसपास. चालेल. १९४७ च्या त्या लोकांकडे बहुतेक गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. तेवढ्याच उजेडाला त्यांना दुप्पट करंट वाहावा लागायचा, त्यामुळे जाड वायर घालण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. १२ व्होल्टने तुला आळशी केलं.

आता झाकण ओलांडणारी वायर. इथे जरा सावकाश वाच, कारण इथे तू एकटाच चुकत नाहीस, चांगले चांगले चुकतात.

तुझी बिजागरी दोन लांब अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची आहे, एकीच्या गोल कडेत दुसरीची कड अडकते आणि झाकण बाजूला सरकवलं की निघतं. फार सुंदर रचना आहे. तू तिच्या शेजारी छताला भोक पाडलंस, वायर सरळ वरून झाकणात नेलीस आणि भोकात सिलिकॉन कोंबलंस. आता झाकण उघडताना ती वायर प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी, भोकाच्या काठावर, दुमडते. बांधकामाची बाइंडिंग वायर हातात घेऊन एकाच जागी मागेपुढे वाकव. किती वेळात तुटते? तेच होतंय. त्यात पुढच्या भागातल्या दुसऱ्या फाट्यांना तू घराच्या भिंतीतली एकसंध तांब्याची तार वापरलीस, उरली होती म्हणून. उरली होती म्हणून! भिंत हलत नाही, ट्रेलर हलतो. हलणाऱ्या जागी बारीक पदरांचीच वायर घालायची. पदर जेवढे बारीक तेवढा वाक सोसतात.

पण नुसते पदर पुरत नाहीत. वायरीला दुमडू द्यायचंच नाही. ती बिजागरीला आडवी नेऊ नकोस, तिच्या अक्षाला समांतर काही अंतर जाऊ दे आणि मग झाकणात शिरव. झाकण उघडलं की त्या समांतर तुकड्याला पीळ पडेल, घडी पडणार नाही. पीळ लांबीभर वाटला जातो, घडी एका टिंबावर बसते. शिवाय थोडी ढील ठेव, म्हणजे झाकण पूर्ण वर गेल्यावरही ताण येणार नाही. मात्र ती ढील झाकण तोलणाऱ्या गॅस स्ट्रटच्या वाटेत लोंबू द्यायची नाही. तू वायर स्ट्रटलाच केबल टायने बांधलीस. स्ट्रटची लांबी बदलते, वायरीची बदलत नाही, एवढं तरी दिसायला हवं होतं. मोटारींच्या मागच्या दाराशी वायरी रबरी नळीतून नेतात ना, तिथेही वर्षानुवर्षांनी पदर तुटतात. मागचा वायपर बंद, वरचा ब्रेक लाइट बंद अशी गाडी आली की चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन आधी ती नळी सरकवून आत बघतो. कारखान्यात विचार करून केलेलं तुटतं, तर तुझं सिलिकॉन किती दिवस टिकणार? आणि ते भोक बुजव. पाऊस वरूनच पडतो.

तू झाकण काढताना वायरींचं काय करतोस ते पाहून मी फोन बाजूला ठेवला. काळी टेप सोडवायची, पिळलेली टोकं सुटी करायची, झाकण सरकवायचं. परत लावताना पुन्हा पीळ, पुन्हा टेप. दर वेळी दोन-चार पदर तुटून जमिनीवर पडतात आणि टेपचा चिकट डिंक उन्हात वाहतो. आणि झाकण निघाल्यावर अंगावर लटकणारं ते उघडं लाल टोक? अ‍ॅल्युमिनियमच्या कडेला लागलं तर? विसरलोच, तुझ्याकडे ३० चा फ्यूज आहे, काहीच होणार नाही, फक्त धूर होईल.

कनेक्टर घाल. जलरोधक, कडी बसणारा, उलटा शिरणार नाही असा. आणि कोणती बाजू कुठे, हे डोकं लावून ठरव. ज्या बाजूला बॅटरी आहे तिकडे झाकलेली, आत बुडालेली टर्मिनलं हवीत. उघड्या पिना झाकणाकडे, जिथे कनेक्टर सुटल्यावर वीज नसते. तुझ्या पिकअपला मागे सात-पिनी प्लगबरोबरच चार तारांचा साधा चपटा प्लगही आहे, तोच उलटसुलट करून बघ. गाडीच्या बाजूला तीन टर्मिनलं रबरात झाकलेली आहेत आणि एकच पिन उघडी, ती ग्राउंडची. दिवे लागलेले असताना प्लग सुटून रस्त्यावर घासला तरी ठिणगी पडायला नको, म्हणून. स्वस्तातल्या त्या वस्तूत जेवढा विचार आहे तेवढा तुझ्या अख्ख्या झाकणात नाही.

जागाही नीट निवड. छतावर नाही, बिजागरीखाली नाही. ओट्याच्या बाजूच्या भिंतीवर, रबरी सीलच्या आत, हात सहज पोचेल तिथे. वायर कनेक्टरकडे खालून वर चढत जाऊ दे, म्हणजे आलंच तर पाणी खालच्या वळणावरून टपकेल. दोन्ही अर्ध्यांना टोप्या. आणि कनेक्टर सोडवल्याशिवाय झाकण सरकणारच नाही अशी त्याची जागा असली तर सोन्याहून पिवळं, कारण तू विसरणार हे मी धरून चालतो. एक गोष्ट मात्र करायची नाही. ओट्याच्या खणातल्या पंपाला दुसरा कनेक्टर लागेल, तो याच घाटाचा घ्यायचा नाही. एक दुसऱ्यात शिरू शकतो म्हणजे एक दिवस शिरणारच.

सोल्डर मीच तुम्हाला शिकवलं, कबूल. ते बोर्डावरच्या कामासाठी. हलणाऱ्या वायरीत सोल्डर पदरांमधून वर चढतं, जिथे संपतं तिथे वायर एकदम ताठ ते एकदम मऊ होते आणि नेमकी तिथेच तुटते. चांगल्या क्रिम्पिंग पकडीने टर्मिनल दाबायचं, मग वायर धरून जोरात ओढायची. निघाली तर बरं झालं म्हणायचं, टेबलावर निघाली. पकड स्वस्तातली घेऊ नकोस. प्लायवुडवर किती घातलेस ते मला माहीत आहे.

आता तुझा लुकलुकणारा दिवा. झाकणातल्या आतल्या दिव्याला तू एकच वायर नेलीस, लाल. परतीचा करंट बिजागरीतून येईल असं गृहीत धरलंस. ‘सर, तुम्हीच सांगितलं होतं, गाडीला एक वायर आणि दुसरी बॉडी.’ सांगितलं होतं. पत्र्याच्या गाडीबद्दल सांगितलं होतं. एस.टी.च्या बसला लोखंडी सांगाडा असतो, तिथे बॉडी अर्थ चालते. तुझी बॉडी प्लायवुडची आहे, रे! बिजागरी अ‍ॅल्युमिनियमची, वर ऑक्साइडचा थर, खाली चिकट सील, धरायला पोलादाचे स्क्रू. त्यात तू राहतोस अशा ठिकाणी जिथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे, मीठ काही कमी पडायचं नाही. अ‍ॅल्युमिनियम, पोलाद आणि खारं पाणी एकत्र आलं की सांध्यात पांढरी भुकटी जमते आणि वाट बंद होते. झाकण हलवलं की दोन कडा नव्याने घासतात, क्षणभर वाट उघडते, दिवा लागतो, पुन्हा जातो. हेच तुझं लुकलुकणं. दिवा बदलून काही होणार नाही, तू बदललास ते मला दिसलं.

परतीची वाट बंद झाली की करंट थांबतोच असंही नाही. गटार तुंबलं की पाणी शेजाऱ्याच्या मोरीतून वर येतं, तसा तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. व्हिडिओत डावा इंडिकेटर लावलास तेव्हा मागचे लाल दिवे मंद मंद धडधडत होते, तुझं लक्षही नव्हतं. ज्याला हे दिसतं तो थेट ग्राउंडच्या पांढऱ्या वायरीकडे जातो. प्रत्येक दिव्याला स्वतःची पांढरी वायर, सगळ्या पांढऱ्या एका बसबारवर, तिथून एक जाड वायर फ्रेमच्या रंग खरवडलेल्या, स्वच्छ लोखंडावर आणि एक ट्रेलरच्या प्लगच्या पांढऱ्याकडे. बिजागरीचं काम झाकण धरणं. वीज वाहणं तिच्या नोकरीत लिहिलेलं नाही.

रंगांवरूनही दोन शब्द. जंक्शन बॉक्समध्ये दोन काळ्या वायरी शेजारशेजारच्या स्क्रूंवर आहेत. एक झाकणाच्या दिव्याच्या परतीची, बिजागरीकडून आलेली, तू ऋण म्हणून काळी घेतलीस. दुसरी पिकअपच्या सात-पिनी प्लगमधून आलेली काळी, आणि त्या प्लगमध्ये काळी म्हणजे गाडीच्या बॅटरीचं १२ व्होल्ट धन! अजून दोघींची गाठ पडलेली नाही, एवढंच. अंधारात कोणी स्क्रू घट्ट करायला गेला की पडेल. तुझ्या गॅरेजच्या भिंतीत काळी म्हणजे लाइन, पांढरी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ. ट्रेलरमध्ये पांढरी ग्राउंड, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावा ब्रेक-इंडिकेटर, हिरवी उजवा, निळी विजेच्या ब्रेकची. इथली हिरवी अर्थ समजून फ्रेमला बांधलीस तर उजवीकडे वळायचा इशारा देताना गाडीचा फ्यूज जाईल. तीन जगांतले रंग एका डब्यात कोंबून वर ‘लक्षात राहतं माझ्या’ म्हणतोस. तुझ्या लक्षात राहील, पण तीन वर्षांनी हा ट्रेलर विकत घेणाऱ्याच्या कसं राहील? ट्रेलरचे रंग पाळ आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी लाव. झाकणाच्या आत आकृती चिकटवू नकोस. झाकण निघतं. आकृती अंगावर.

झाकणाचा दिवा चालू-बंद करायला बसवलेल्या चुंबकाच्या स्विचमध्ये तुझी हुशारी दिसली, आणि तिचं टोक अर्धवट राहिलेलंही दिसलं. स्विच भिंतीत, चुंबक झाकणात. झाकण लावलं की चुंबक जवळ येतो आणि दिवा बंद. छान. पण झाकण काढून घरी ठेवलंस, चुंबकही गेला. स्विचला वाटतं झाकण उघडं आहे. मग भिंतीवरचा कनेक्टर दिवसरात्र जिवंत. म्हणून त्या फाट्याला हाताचा एक वेगळा स्विच हवा, कनेक्टरला हात लावण्याआधी तो बंद करायचा. निघणारी वस्तू बनवणाऱ्याने ती लावलेली असताना, उघडी असताना, अर्धवट सरकलेली असताना आणि मुळीच नसताना काय होतं, हे प्रत्येक वेळी विचारायला हवं. तू फक्त लावलेली असताना विचारलंस, तेही घाईत.

आता कामाचं. सगळं नव्याने ओढल्यावर मीटर घे. दिवा लावून बॅटरीच्या ऋण टोकापासून दिव्याच्या ऋण टोकापर्यंत व्होल्ट मोज. १६ गेज, पाच मीटर, २.४ अँपिअर, म्हणजे ०.१६ च्या आसपास यायला हवेत. आधी कागदावर हिशेब लिही, मग शेजारी मोजलेला आकडा. धन बाजूलाही तेच. मग कनेक्टरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत मोज आणि मोजत असताना सूनबाईंना झाकण सावकाश वर-खाली करायला सांग. आकडा थरथरला, किंवा ५० मिलिव्होल्टच्या वर गेला, तर टर्मिनल सरळ करत बसू नकोस. कापून टाक आणि नवं क्रिम्प कर.